सरवा आणि सरहद्द

परतवाड्याच्या लाकडाच्या वखारींत ज्याचे आयुष्य गेले, अशा एका कोरकू वृद्धाची नात गेल्या पावसाळ्यात कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. तिची आई आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, एवढाच आमचा संबंध. मुलीला अमरावतीत नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. अडले होते ते शिष्यवृत्तीपाशी. आपले कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते, असा पुरावा जमातीच्या दाखल्यासाठी तिला हवा होता. आजोबा तर डोंगर उतरून आले १९५४ साली, बैतूल जिल्ह्यातल्या भैसदेहीकडून, वडिलांचे बोट धरून.

“तवा कुठची सरहद्द, फादर? जंगलच जंगल होतं,” म्हातारा म्हणाला.

म्हाताऱ्याचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. १९५४ साली भैसदेही आणि परतवाडा ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती, आणि त्या राज्याचे नाव होते मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बैतूल मागे राहिले. महाराष्ट्र तर १९६० चा. वऱ्हाड निजामाचा होता, १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. आम्ही वऱ्हाडी माणसे जागची न हलता किती वेळा परक्या राज्यात गेलो, याचा हिशेब कोणी ठेवला आहे? म्हातारा मात्र एकदाच चालला, आणि तेही आपल्याच राज्यात. तरी ‘स्थलांतरित’ ठरला तो तोच.

रेषा राज्यांच्याच मध्ये असते असेही नाही. पूर्वी अमरावती जिल्ह्यात फक्त मेळघाट तहसिलीतला कोरकू अनुसूचित जमातीत गणला जाई. तोच कोरकू कापणीला अकोटकडे उतरून तिथेच राहिला, की यादीबाहेर. ही क्षेत्रमर्यादा उठवणारा कायदा १९७६ चा आणि त्याचा अंमल २७ जुलै १९७७ पासूनचा. घाट उतरल्याने माणसाचे दारिद्र्य उतरत नाही, हे उमगायला आपल्याला सत्तावीस वर्षे लागली.

तरीही कायद्याची बाजू पोकळ नाही, ती नीट ऐकून घेतली पाहिजे. संविधानाने या याद्या त्या त्या राज्यापुरत्या केल्या. १९८५ साली केंद्राच्या गृह मंत्रालयाने कळवले, की परराज्यात गेलेल्यास सवलत मिळेल ती मूळ राज्याकडून. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. उपेक्षा स्थळसापेक्ष असते, आणि बाहेरून आलेल्यांनी राखीव जागा घेतल्या तर इथल्या दुर्बलाच्या तोंडचा घास जातो, असा त्यामागचा विचार. मला तो न्याय्य वाटतो. मेळघाटातल्या मुलीच्या वाट्याची जागा कोणी सुस्थित पाहुण्याने घ्यावी, असे कोण म्हणेल?

परंतु हा युक्तिवाद जागांचा आहे. जागा मोजक्या असतात. एक बसला की दुसरा उभा राहतो. शिष्यवृत्ती तशी नव्हे. तिच्या नावावर चार पैसे मंजूर झाल्याने धारणीच्या कोणा मुलीचे चार पैसे कापले जात नाहीत, कारण पात्र विद्यार्थी वाढले की तरतूदही वाढवता येते. शिवाय अनुसूचित जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शंभरातले पंचाहत्तर रुपये केंद्र देते. म्हणजे दोन राज्यांमधला वाद उरलेल्या पंचविसांचा. त्यापायी बैतूल तिला म्हणणार, तू इथली रहिवासी नाहीस. आणि इथला कारकून म्हणणार, तू मूळची इथली नाहीस. गरज खरी आहे हे दोघांनाही मान्य, पण ती कोणाची, एवढेच ठरत नाही! माझ्या मते जिच्या दारात ती उभी आहे त्या राज्याने आधी द्यावे आणि हिशेबाचे पत्र मागाहून लिहावे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. जन्म महूचा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, वास्तव्य मुंबईचे. बडोद्याचे मूळचे असे त्यांच्यात काहीच नव्हते. महाराजांनी मागच्या पिढ्यांचा पुरावा मागितला नाही, पुढच्या दहा वर्षांची नोकरी मागितली. (तो करार तडीस गेला नाही, याचे एक कारण असे की १९१७ मध्ये बडोद्यात अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. तो दोष शिष्यवृत्तीचा नव्हे.)

इतके लिहून लेखणी ठेवता आली असती, पण एक कबुली द्यायची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी अकोला जिल्ह्यातल्या एका धर्मग्रामात होतो. महाविद्यालयीन मुलांसाठी आमचा एक लहानसा निधी होता आणि त्याचा नियम असा, की अर्जदाराचे कुटुंब पाच वर्षे धर्मग्रामात असावे. वीटभट्टीवर काम करणाऱ्या, छत्तीसगडहून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा अर्ज घेऊन आला. मी त्याला नियम वाचून दाखवला. सौम्य आवाजात दाखवला, हे आज अधिकच टोचते. तो ‘जी, फादर’ म्हणून गेला. त्या वर्षअखेर निधीतली निम्मी रक्कम बँकेत तशीच पडून होती; जागा भरल्या होत्या, ही सबबही मला नव्हती. पुढच्या रविवारी रूथचा उतारा होता की नाही ते आठवत नाही, पण बवाजाच्या शेतात सरवा वेचणाऱ्या त्या मवाबी स्त्रीवर मी अनेकदा प्रवचन केले आहे. मोशेच्या नियमशास्त्राने शेतातला सरवा उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राखला. उपरी कोणाला म्हणावे याची तारीख तिथे नाही.

आजोबांच्या वडिलांचे नाव भैसदेहीकडच्या एखाद्या कोतवाल बुकात सापडेल, अशी आता आशा आहे. शाळेच्या दाखल-खारीज नोंदीत ते सापडणार नाही, कारण ते शाळेत गेलेच नव्हते. तिकडच्या एका परिचित गुरुजींना मी पत्र लिहिले आहे. नाव सापडले तर जमात सिद्ध होईल. राज्य मात्र मध्य प्रदेशच राहील. तोवर पहिल्या सहामाहीची फी कुठून भरायची, यावर काल आमच्या समितीची बैठक झाली. पाच वर्षांच्या नियमाचा प्रश्न एका सभासदाने काढलाच. बैठक पुढच्या गुरुवारी पुन्हा आहे.