एकट्याने जेवणं आणि एकट्यापुरतं जेवणं



आजचं वाचन: ऋग्वेद, दहावं मंडल, ११७ वं सूक्त. सोबत गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला १३ वा श्लोक.

ऋग्वेदातलं हे सूक्त नऊच ऋचांचं आहे. विषय दानाचा, आणि परंपरेने सांगितलेलं ऋषींचं नाव भिक्षू आंगिरस. भुकेबद्दल बोलायचा अधिकार नावातच आहे! पहिल्याच ऋचेत ते म्हणतात की मरण काही फक्त उपाशी माणसालाच येत नाही, पोटभर जेवलेल्यालाही येतं. पुढे म्हणतात, संपत्ती रथाच्या चाकासारखी फिरते, आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे. आणि सहाव्या ऋचेत कडक शब्द येतात. जो देवाला देत नाही, मित्राला देत नाही आणि एकटाच खातो, तो पापाचाच धनी होतो, असा त्याचा भाव. गीताही तेच सांगते: जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते पाप खातात.

आता माझा प्रश्न. समजा मी क्लायंटच्या कामासाठी जळगावहून धुळ्याला गेले. काम दुपारी तीनला संपलं. भूक लागलीय, सोबत कोणी नाही. हॉटेलात एकटी बसून शेवभाजी-भाकरी खाल्ली, तर मला हे सूक्त लागू होतं का?

हसू नका. आपल्यापैकी कितीतरी जण वडापाव हातात घेऊन बसमध्ये खातील, पण हॉटेलात एकटे टेबलावर बसणार नाहीत. वेटर विचारतो, "अजून कोणी येतंय का, ताई?" आणि "नाही, एकटीच" म्हणताना आवाज उगाच खाली जातो. मग मोबाईल बाहेर काढायचा, कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवायचं, आणि गरम जेवण पाच मिनिटांत गिळून उठायचं. हा संकोच येतो कुठून?

थोडा आपल्या मातीतून येतो. खान्देशात जेवण ही एकट्याची गोष्टच नाही. रस्त्यात भेटलेला माणूसही आधी विचारतो, "व्हयनं का जेवन?" भरीत कधी एका माणसापुरतं होतं का? थंडीत शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून कांद्याची पात, आणि पंधरा-वीस जणांनी कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खायचं. अशा घरात वाढलेल्याला एक ताट, एक खुर्ची बघून चुकल्यासारखं वाटणारच. त्यात वाईट काही नाही.

पण सगळा संकोच मातीतला नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग भेटतात. तिथल्या ढाब्यांवर ट्रकचालक खाटेवर बसून एकटे जेवतात, हात धुतात, निघून जातात. त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. त्याच रस्त्यावर एकटी बाई जेवायला बसली की चार माना वळतात, नाहीतर मालक म्हणतो, "ताई, आत फॅमिली रूममध्ये बसा." फॅमिली सोबत नाही म्हणूनच फॅमिली रूम! म्हणजे लोकांना खुपतं ते एकट्याचं जेवण नसतं. कोण एकटं जेवतंय, ते खुपतं.

आणि आपल्या घरात बघा. सगळ्यांना वाढून झाल्यावर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, उरलेल्या भाजीशी गार भाकरी खाणारी बाई एकटीच जेवत असते. रोज. पिढ्यान् पिढ्या. तिला कोणी विचारत नाही, "अजून कोणी येतंय का?" तिच्या एकटं जेवण्याची कोणाला दया येत नाही, लाजही वाटत नाही. तिच बाई हॉटेलात स्वतःच्या पैशाने, गरम, पहिल्या पंगतीचं म्हणावं असं जेवली, की मात्र आपल्याला संस्कृती आठवते.

सॉफ्टवेअरमध्ये एकच नाव दोन वेगळ्या गोष्टींना दिलं की पुढे हमखास गडबड होते. "एकटं जेवणं" या शब्दाचं तसंच झालंय. मराठीत खरं तर दोन शब्द तयार आहेत: एकट्याने जेवणं आणि एकट्यापुरतं जेवणं. पहिल्यात टेबलावर किती माणसं आहेत एवढंच कळतं. दुसऱ्यात आपल्या मनात किती माणसांना जागा आहे ते कळतं. सूक्त वाचा, गीता वाचा, दोन्हींचा रोख दुसऱ्यावर आहे. भिक्षू ऋषी खुर्च्या मोजत नाहीत. दारात भुकेला उभा असताना मन घट्ट करणाऱ्याला ते बोल लावतात. गीतेचा श्लोकही यज्ञाच्या संदर्भात येतो: आधी द्या, मग उरलेलं खा.

उलट बाजूही बघू. शंभर जणांच्या पंगतीत बसूनही माणूस एकट्यापुरतं जेवू शकतो. आपल्या पंगतींचा इतिहास काही फार गोड नाही. कोणी कुठे बसायचं, कोणाला शेवटी वाढायचं, कोणाला अंगणाबाहेर ठेवायचं, हे जात ठरवायची. अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसावं लागलं, ते विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून. देवापुढे उभं राहायलाच जात आडवी येत होती, तिथे ताटाची काय कथा? २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्याच्या १५ व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचं नाव घेऊन लिहिलंय की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. हॉटेलातल्या साध्या टेबलामागे एवढं मोठं काम उभं आहे. तिथे एकटं बसून जेवणारी बाई किंवा कोणत्याही जातीचा माणूस धर्माविरुद्ध काही करत नाही. मला तर वाटतं, जुन्या पंगतीने केलेला अन्याय तो टेबल थोडाफार फेडतो.

आणि एकट्यांना जेवू घालणं हेही आपल्याकडे मोठं काम मानलंय. मुंबईत गिरणी कामगार गावाकडे कुटुंब ठेवून राहायचे, त्यांना जेवण द्यायच्या खानावळवाल्या बाया. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांना एकत्र करून. खानावळीत येणारा प्रत्येक जण एकटाच यायचा, पण तो कधी जेवला नाही हे त्या बाईच्या लक्षात यायचं.

मग एकटं जेवायला काहीच मर्यादा नाही का? आहे, आणि ती सांगितली पाहिजे. मी निवडलेला एकांत वेगळा, आणि कोणावर तरी लादलेला एकटेपणा वेगळा. आपल्या जळगाव-धुळ्यात अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घरात दोघंच, आणि दोघांतलं एक गेलं की ताट एकच उरतं. त्या माणसाला "एकटं जेवण्यात आनंद शोधा" असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याला उपदेश नको, सोबत हवी. भिक्षू ऋषी आज असते तर हॉटेलातल्या माझ्या टेबलाशी थांबले नसते, त्या घराच्या दारात थांबले असते. तेव्हा रोज दाराशी पार्सल घेऊन, दार लावून, कोणालाच आत न येऊ देता जेवणाऱ्याने सूक्त पुन्हा एकदा वाचावं. कारण तिथे एकट्याने जेवणं हळूहळू एकट्यापुरतं होत जातं.

जुन्या लोकांनी यावर एक सोपी युक्ती करून ठेवलीय, चित्राहुती. ताटाभोवती पाणी फिरवायचं, बाजूला दोन-चार छोटे घास काढायचे, आणि मगच जेवायचं. समोर माणूस असो वा नसो, पहिला घास आपला नाही. एकट्या माणसालाही वाटून खाता यावं याची यापेक्षा सोपी सोय मला माहीत नाही. हॉटेलात पाणी फिरवायची गरज नाही. पण मोबाईल पालथा ठेवून अर्धा मिनिट समोरच्या भाकरीकडे बघता येतं. ज्वारी कोणी पेरली, तव्यासमोर कोण उभं आहे, टेबल पुसणारा पोरगा कधी जेवणार आहे? हे मनात आलं की टेबलावर आपण एकटे राहत नाही, आणि संकोच आपोआप उतरतो. लोक बघतायत की नाही हे तपासायला मन मोकळंच उरत नाही.

आजचा संकल्प असा. या आठवड्यात एकदा एकटं बाहेर जेवा. "एकटीच" किंवा "एकटाच" हे सरळ, नेहमीच्या आवाजात सांगा. जेवढं संपेल तेवढंच मागवा, सावकाश जेवा, ताटात काही टाकू नका. बिल देताना टेबल पुसणाऱ्याला विचारा, "जेवलास का रे?" आणि त्याच आठवड्यात, ज्यांच्या घरी एकच ताट मांडलं जातं अशा एखाद्या काका-काकूंकडे डबा घेऊन जा. डबा देऊन परत फिरू नका. बसा, आणि त्यांच्यासोबत जेवा.

राम कृष्ण हरी.