बियाणें खाऊं नये

परमेश्वरानें जें खावयास दिलें, तें संपवून टाकण्याचीहि मोकळीक दिली आहे काय?

फिलिपाईन्स देशांत लुझोन बेटावर ताल नांवाचें ज्वालामुखीचें सरोवर आहे. इ.स. १७५४ च्या स्फोटानें त्याची समुद्राकडील वाट बुजून अरुंद झाली व पाणी हळूहळू गोडें झालें. तेथें तविलिस नांवाचा, तारलीच्या गणांतला लहान मासा राहतो. तो जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहीं. इ.स. २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानें त्यास संकटग्रस्त ठरविलें. बेसुमार मासेमारी, मना केलेलीं जाळीं, पिंजऱ्यांतील मत्स्यपालनाची घाण व बाहेरून आणून सोडलेले मासे, हीं त्याचीं कारणें होत.

कोणी म्हणेल, आम्हां बीडकरांस त्याचें काय? बंधूंनो, बालाघाटाचा काळा पाषाणहि ज्वालामुखीच्याच रसाचा आहे. आणि मनुष्याचा मोह तर सर्वत्र एकच. उन्हाळ्यांत सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा ह्या नद्या आटतात व उरलेले मासे डोहांत जमतात. तेव्हां सुरुंग लावून किंवा विष कालवून एका घटकेंत सर्व उपसून न्यावें, असें मनांत येतें. इ.स. १८९७ च्या मत्स्य कायद्यानें ह्या दोन्ही गोष्टी गुन्हा ठरविल्या. तसेंच आफ्रिकेचा मांगूर मासा इतर माशांस खाऊन टाकतो, म्हणून तो पाळण्यास भारत सरकारनें इ.स. २००० सालीं मनाई केली.

“भुकेल्यास धर्म काय सांगतां?” असा आक्षेप निघेल. तो खरा आहे. भूक हें पाप नव्हे. प्रभूनेंहि तळ्याकांठीं शिष्यांस मासळी भाजून दिली. परंतु दुष्काळांतहि शहाणा शेतकरी पोटास चिमटा घेतो आणि बियाणें राखतो. डोह निर्बीज झाला म्हणजे सावकार उपाशी राहत नाहीं, तर जाळ्यावर जगणारा गरीबच राहतो. म्हणून राखणें हीहि गरिबावरील प्रीतीच होय.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत फलद्रूप होण्याचा आशीर्वाद माशांस पांचव्या दिवशीं मिळाला. मनुष्य त्यानंतर झाला. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत पिल्लांबरोबर पक्षिणीस धरूं नये, अशी आज्ञा आहे. घेण्यास परवानगी आहे, मूळ तोडण्यास नाहीं. जो आशीर्वाद देवानें दिला, तो आपण कोणत्या अधिकारानें पुसावा?

तर ह्या पावसाळ्यांत चढणीच्या माशांवर जाळें टाकूं नये, व उपदेशक बंधूंनीं ही गोष्ट मंडळींत व पंचायतींत नम्रपणें मांडावी. आपण मालक नाहीं, कारभारी आहों. आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो.