उर्वरित

शाळेत मी चौतीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण एका साध्या शब्दानं मला जितकं अडवलं तितकं पाणिनीनंही अडवलं नसेल. साल १९९४. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं झाली होती आणि त्या बातमीचं कात्रण कुणीतरी वर्गातल्या फलकावर लावलं होतं. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, धुळं कशात?" मी म्हटलं, उर्वरितमध्ये. "म्हणजे उरलेल्यात?" वर्ग हसला. मीही हसले. घरी आल्यावर मात्र कोश काढून बसले.

कोशात या शब्दाच्या शेजारीच ‘उर्वरा’ बसलेली आहे, म्हणजे सुपीक जमीन. तापीकाठच्या काळ्या मातीत वाढलेल्या बाईला तिथं एखादं नातं जोडून टाकायचा मोह होणारच. मी तो आवरला. शेजार तो शेजार.

हा शब्द कुणा कारकुनाच्या टेबलावर जन्मला असं मला तेव्हा वाटलं होतं. तसं नाही, तो राज्यघटनेत आहे. कलम ३७१ च्या दुसऱ्या खंडात विदर्भाला नाव आहे, मराठवाड्याला नाव आहे, आणि मग जे काही राहिलं ते. त्या राहिलेल्यात मुंबई आहे, पुणं आहे, कोल्हापूरचा ऊस आहे आणि आमचं शिंदखेड्याचं कोरडं शिवारही आहे. या सगळ्यांची सरासरी काढली की शिंदखेडा कागदावर चांगला हिरवागार दिसतो. सरासरीनं कुणाची तहान भागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तसं नावाच्या बाबतीत आमचं नशीबच असं. १९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पुढं त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ च्या १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार निघालं. महसुली विभाग नाशिकचा. विद्यापीठ झालं तेही ‘उत्तर महाराष्ट्र’, म्हणजे नुसती दिशा. २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं तेव्हा कुठं त्याला चेहरा आला. भरीत खाताना, अहिराणी बोलताना, शेवभाजीवरून भांडताना आम्ही खान्देशी असतो. फायलीत गेलो की उर्वरित.

परवा परवा हे सगळं पुन्हा वर आलं. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला मान्यता दिली. ३०९ किलोमीटर, अठरा हजार कोटींच्या वर खर्च, आणि मार्ग धुळ्यावरून. चाळीसगावहून येऊन धुळ्यात संपणाऱ्या फाट्यावर आमच्या तीन पिढ्या गेल्या, तेव्हा देवपूरच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले यात नवल नाही. पेढ्यांबरोबर हिशेबही निघाला. देशाला केळी कोण पुरवतं? कापूस कुणाचा? भुसावळच्या जंक्शनावरून निम्मा हिंदुस्थान इकडून तिकडं जातो, दीपनगरची वीज राज्यभर जाते, वरणगावची काडतुसं सीमेवर जातात. आग्रा रोड आणि सुरत–नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात ते धुळ्यातच. "सगळं आपल्यावरून जातं," शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "थांबत काही नाही."

त्या आठवड्यात गल्लीतल्या मंदिरात गीतेवर प्रवचन चालू होतं. ही कुरकुर बुवांच्या कानावर गेली असावी. त्यांनी तिसऱ्या अध्यायावर बोलता बोलता आम्हाला घेतलंच. म्हणाले, आई लेकराच्या दुधाचा हिशेब ठेवते का? तापी सुरतेकडं बिल पाठवते का? देशासाठी केलं त्याची वही कशाला? आणि मग मोठ्या खुबीनं म्हणाले, विसरू नका, विनोबांनी गीता सांगितली ती याच धुळ्यात.

हे खरंच आहे. १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, धुळ्याच्या तुरुंगात. समोर सत्याग्रही कैदी बसलेले आणि साने गुरुजी लिहून घेताहेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक माझ्या उशाशी असतं. त्यामुळे बुवांचा बाण बरोबर जागी लागला. त्या रात्री झोप नीट आली नाही. मोजणं म्हणजे खरोखरच क्षुद्रपणा आहे का? सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. परतफेडीवर डोळा ठेवून दिलेलं ते राजस. मग आमच्या गल्लीतली ती सगळी यादी, केळीपासून काडतुसांपर्यंत, राजसच म्हणायची.

पहाटे कधीतरी लक्षात आलं की बुवांनी मुळात खातं बदललं होतं. दान कशाला म्हणतात? दानाला संकल्प लागतो. दाता नाव-गोत्र सांगतो आणि हातावरून उदक सोडतो. ते सोडलं की वस्तूवरचा हक्क सुटला. आम्ही उदक कधी सोडलं? तापीचं पाणी सुटलं, ते खाली १९७२ साली झालेल्या उकाई धरणात साठलं, त्यावर दक्षिण गुजरात पिकला. चांगलंच झालं, सुरतेत आमचीच निम्मी पोरं पोटाला लागली आहेत. पण पाणी सोडणं आणि उदक सोडणं यांत फरक आहे. अमळनेरजवळ पाडळसऱ्याचं धरण गेल्या शतकात सुरू झालं, अजून पुरं होतंय. त्याची वाट बघत म्हातारे झालेल्या माणसाला ‘फळाची आशा धरू नकोस’ म्हणणं ही गीता नाही. आणि तापी बिल पाठवत नसेल, पण तिच्या पाण्यासाठी राज्यं करार करतात. २०२५ च्या मे महिन्यातच मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रानं तापी महापुनर्भरणावर सह्या केल्या. तेव्हा कुणी निष्काम नव्हतं, आणि नसावंच.

विनोबा बोलले ते आपण होऊन तुरुंगात आलेल्यांसमोर. निष्कामता हे स्वतः घ्यायचं व्रत आहे. एकादशी मी करीन. माझ्या ताटातलं उचलून ‘आज तुझी एकादशी’ असं दुसऱ्यानं मला सांगायचं नसतं.

चोपडा तालुक्यात माहेर आहे, तिथं भाऊची केळी आहे. हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं तर तो आधी हसत सुटला. "ताई, केळीवाल्याले सांगस फळनी आशा धरू नको! मंग काय खोड खाऊत?" त्याच्या धंद्यात उरलेल्याला स्वतःचा शब्दच आहे. बाजारभावाच्या यादीत नवती, पिलबाग आणि वापसी असे वेगवेगळे दर निघतात: पहिल्या लागवडीची नवती, कापलेल्या झाडाच्या पिलावर धरलेला पिलबाग, आणि निवडून उरलेली ती वापसी. डाग नसलेल्या फण्या धुऊन, पुसून खोक्यांत जातात, आखातात पोचतात. बाकीचा माल ट्रकनं उत्तरेकडं. घरात आम्ही लहानपणापासून वापसीच खाल्ली. आई म्हणायची, चांगलं आधी देवाला, मग गिऱ्हाइकाला, मग आपण. तिच्या तोंडी हे कधी रडगाणं वाटलं नाही, कारण फण्या निवडणारा हात तिचा होता.

गीतेतलं ‘यज्ञशिष्ट’ मला तेव्हापासून कळतं. यज्ञ करून मागं राहिलेलं अन्न जे खातात ते निर्मळ, असं तिथं म्हटलंय. अथर्ववेदात तर उच्छिष्टाचं अख्खं सूक्त आहे, जगच्या जग त्या उरलेल्यावर टेकलेलं. मराठीत अनुशेष म्हणतात, त्यातही शेष आहेच. १९८४ साली दांडेकर समितीनं ३,१८६ कोटींचा अनुशेष मांडला आणि हा शब्द वर्तमानपत्रातून घराघरांत आला. शेष म्हणजे भागाकारातली बाकी, आणि शेष म्हणजे डोक्यावर पृथ्वी तोलून धरणारा तो नागही. आपल्या परंपरेला उरलेल्याचं वावडं नाही. तिला वावडं आहे ते उष्ट्याचं. एकाच परातीतला शिरा. देवापुढून उचलला तर प्रसाद, कुणाच्या ताटातून उचलला तर उष्टा. शिरा तोच, साजूक तूप तेच. आधी कुणासाठी वाढलं आणि कुणाच्या हातानं उरलं एवढाच काय तो फरक, पण त्या फरकावर माणसाचा मान उभा असतो. शांतिमंत्र सांगतो की पूर्णातून काढून घेतलं तरी उणं पडत नाही. तो ब्रह्माबद्दल बोलतोय. धरणाबद्दल नाही.

चोपड्याला मी गेले ती श्रावणात. धुळ्याहून अमळनेरमार्गे एसटी जाते. अमळनेरला गाडी थांबली की मला नेहमी तत्त्वज्ञान मंदिर आठवतं. प्रताप शेठजींची कापडगिरणी होती, तिच्या पैशातून त्यांनी १९१६ साली ही संस्था काढली. कापसाच्या नफ्यावर ब्रह्म सत्य की जगत् सत्य याची चिकित्सा चालायची, मलकानींसारखे अद्वैती इंग्रजीत त्रैमासिक चालवायचे. साने गुरुजी तिथं अभ्यासाला आले आणि थोड्याच काळात प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. मास्तरकी करून निवृत्त झालेल्या मला हे सांगताना अंमळ बरं वाटतं. याच गावात १९४५ साली वनस्पती तेलाची एक कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. कारभार दूर गेला, पण जुने शेअर सांभाळून ठेवणारे अमळनेरकर श्रीमंत झाले. उरलेल्याचं सोनं झालं म्हणायचं तर हे एक उदाहरण आहे, पण ते ज्यांच्या घरी कागद होते त्यांचंच.

भाऊच्या गोठ्यात एक काळा पडलेला बांबू आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी सजवलेलं नगर. कर्ज, सारा, खंड यांवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तिथं ठरला. आमचे बाबा तेव्हा आठ वर्षांचे, आजोबांबरोबर बैलगाडीनं गेलेले. त्यांना आठवायची ती फक्त धूळ, आणि सगळं उठल्यावर आजोबांनी तिथून आणलेला हा बांबू. सगळा देश चार दिवस आमच्याकडं होता याचा पुरावा म्हणून बाबांनी तो कधी जाळू दिला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर भाऊशी पुन्हा तोच विषय निघाला. वेगळं विकास मंडळ हवं, असं तो म्हणाला. हवंच, मी म्हटलं. पण त्यात धडगावचा पावरा आदिवासी कुठं बसेल? सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली ती सगळी अक्कलकुवा–अक्राणीकडची, आणि त्या विजेतला राज्याचा वाटा २७ टक्के. तेव्हा ती गावं आमच्याच धुळे जिल्ह्यात होती. धुळ्यात बसून कुणी त्यांच्यासाठी पेढे किंवा हिशेब काढल्याचं मला आठवत नाही. भाऊच्या बागेत घड वाहणारी माणसंही सातपुड्यातून उतरून येतात. त्यांना खान्देशात कोण धरतं? भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "तू मास्तरीणच राहिनी."

दुसऱ्या दिवशी कानबाईचे गहू काढायचे होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि तिच्या रोटांसाठी आमच्याकडं भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू मोजतात. जो सुरतेला आहे त्याची मूठ, जो पुण्याला आहे त्याची, पाळण्यातल्याचीही. त्या पिठाचे रोट भाऊबंदांतच संपवायचे, चाळणीतला कोंडासुद्धा वाया घालवायचा नाही. देवीचं काम आहे, पण सुरुवात मोजण्यानं. कुणाची मूठ राहिली तर देवी कोपते अशी भीती घालून आजीनं सगळी नावं आमच्याकडून पाठ करून घेतली होती. बायकांची मूठ मात्र नाही. आणि परघरी दिलेल्या लेकीनं माहेरचा रोट खायचाही नाही. एवढ्या वर्षांत मला हे खटकलं नव्हतं. त्या सकाळी ओसरीवर बसून बघताना म्हटलं, घ्या, इथंही उर्वरितच.

हे मी मोठ्यानं बोलले असावे. भावजय सुपाआडून हसली. तिची सून कॉलेजात शिकवते, ती म्हणाली, "मामंजी, आत्यांची पण धरा ना." भाऊनं मूठ पोत्यात अर्धवट ठेवली आणि वर बघितलं. "आज्जी असती तं..." एवढंच म्हणाला. मग खाली बघितलं, तर कितवी मूठ चालली होती ते त्याला आठवेना. सुरतेचा धाकटा झाला होता का राहिला होता, यावर दोघा पुतण्यांचं एकमत होईना. शेवटी त्यानं परातीतले सगळे गहू पुन्हा पोत्यात ओतले आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.