अशांत देशातील कुटुंब-सर्वेक्षण : अफगाणिस्तानचा अनुभव

अफगाणिस्तानात पूर्ण जनगणना आजवर एकदाही पार पडलेली नाही. जून १९७९ मध्ये ती सुरू झाली, पण ग्रामीण भागात उठाव पेटलेले असल्यामुळे अनेक जिल्ह्यांत प्रगणक पोहोचलेच नाहीत आणि काम अर्धवट राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा देशात शिरल्या. तेव्हापासून तिथल्या लोकसंख्येविषयी जे काही कळते, ते मुख्यतः अंदाजांतून आणि नमुना पद्धतीच्या कुटुंब-सर्वेक्षणांतून. २०२१ च्या सुमारास देशाचे सांख्यिकी कार्यालय लोकसंख्या ३ कोटी ३० लाखांच्या घरात धरत होते, तर संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज ४ कोटींच्या आसपास होता. लसी किती मागवायच्या, धान्य किती पाठवायचे, हे ठरवताना साठ-सत्तर लाख माणसांचा हा फरक फार मोठा ठरतो.

नमुना-सर्वेक्षणाचा पाया साधा आहे. प्रत्येक कुटुंबाची निवड होण्याची शक्यता आधीपासून माहीत असेल, तर थोड्या कुटुंबांच्या उत्तरांवरून साऱ्या देशाविषयी बोलता येते. त्यासाठी प्रथम सर्व वस्त्यांची यादी लागते. अफगाणिस्तानात ती २००३ ते २००५ या काळात केलेल्या घरनोंदणीतून मिळाली आणि पुढे अनेक वर्षे तीच वापरली गेली. पण युद्धात यादी लवकर शिळी होते. २००२ नंतर पाकिस्तान आणि इराणमधून लाखो निर्वासित परतले, काही गावे ओस पडली आणि काबूलच्या कडेच्या डोंगरउतारांवर नव्या वस्त्या चढल्या. म्हणून निवडलेल्या प्रत्येक वस्तीत मुलाखतींपूर्वी घरांची नव्याने नोंद करावी लागते. कुची या भटक्या पशुपालकांना तर कायमचे गावच नाही. त्यांचा स्वतंत्र गट धरून त्यांना मुक्कामाच्या जागी गाठावे लागते.

कुटुंब कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न सोपा नाही. मातीच्या उंच भिंतींनी वेढलेल्या एकाच वाड्यात तीन-चार भावांचे संसार असू शकतात. अशा वेळी एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, हा निकष उपयोगी पडतो. तरीही मजुरीसाठी इराणला गेलेला मुलगा किंवा लढाईत सामील झालेला भाऊ मोजायचा की नाही, याचा निर्णय प्रश्नावलीत आधीच स्पष्ट असावा लागतो. त्यांच्याविषयी खरे सांगण्यात घरच्यांना धोका वाटू शकतो, म्हणून उत्तर टाळले जाण्याची शक्यताही गृहीत धरावी लागते.

दारापर्यंत पोहोचण्याची वाट गावातील वडीलधाऱ्यांच्या शूरेतून, म्हणजे सभेतून, जाते. त्यांची संमती नसेल तर गावात काम होत नाही. घरातल्या स्त्रियांशी परका पुरुष बोलू शकत नाही. त्यामुळे स्त्री-प्रगणक नसेल तर बाळंतपण, बालमृत्यू, लहान मुलांचा आहार हे सारे विषय पुरुषांच्या ऐकीव उत्तरांवर उरतात. स्त्री-प्रगणकासोबत बहुधा महरम, म्हणजे नवरा, भाऊ किंवा वडील असा जवळचा नातलग प्रवास करतो. त्याचाही खर्च योजनेत धरावा लागतो. मुलाखती कोणत्या हंगामात होतात, हेही महत्त्वाचे असते. म्हणून २००७-०८ च्या राष्ट्रीय जोखीम व दुर्बलता पाहणी या कुटुंब-सर्वेक्षणाचे क्षेत्रकाम वर्षभर चालले. घरातल्या धान्याची स्थिती सुगीच्या दिवसांत वेगळी असते आणि हिवाळा सरताना वेगळी, त्यामुळे एकाच हंगामातील चित्र फसवे ठरले असते.

सुरक्षितता हा सर्वांत अवघड भाग आहे. नाक्यावर झडती झाली तर पिशवीतली प्रश्नावली किंवा सरकारी पत्र प्रगणकाच्या जिवावर बेतू शकते. उत्तर देणाऱ्यालाही हेरगिरीचा संशय भोवू शकतो. म्हणून नावे उत्तरांपासून वेगळी ठेवणे आणि नकाराचा मान राखणे ही सर्वेक्षणाची नैतिक अट आहे. जिथे जाता येत नाही त्या वस्तीऐवजी राखीव यादीतील दुसरी वस्ती घेतली जाते. त्यामुळे कुटुंबांची संख्या भरून निघते, पण त्रुटी भरून निघत नाही. पोहोचता येणारे गाव बहुधा रस्त्यालगतचे आणि दवाखान्याजवळचे असते. सर्वाधिक सोसणारी माणसे नेमकी आकड्यांबाहेर राहतात.

मातामृत्यूच्या आकड्यांत याचे परिणाम स्पष्ट दिसतात. २००२ मध्ये चार जिल्ह्यांतील अभ्यासावरून देशासाठी दर लाख जिवंत जन्मांमागे १,६०० मातामृत्यू असा अंदाज मांडला गेला. त्याच अभ्यासात काबूलचा आकडा ४१८ होता, तर बदख्शानमधील दुर्गम राघ जिल्ह्याचा ६,५०७. २०१० च्या मृत्यू-सर्वेक्षणात २२ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी होऊन ३२७ हा आकडा निघाला. त्या कामात जयपूरच्या आरोग्य व्यवस्थापन संशोधन संस्थेचाही सहभाग होता. मात्र असुरक्षिततेमुळे कंदाहार, हेलमंद आणि झाबुलचा ग्रामीण भाग वगळावा लागला होता आणि सर्वेक्षण सुमारे ८७ टक्के लोकसंख्येचेच प्रतिनिधित्व करत होते. दक्षिणेतून आलेल्या माहितीत मृत्यूंची, विशेषतः मुलींच्या आणि स्त्रियांच्या मृत्यूंची नोंद कमी झाल्याचे दिसले. पुढे २०१५ च्या सर्वेक्षणाने १,२९१ असा आकडा दिला आणि त्यावर तज्ज्ञांत मोठा वाद झाला. पाच वर्षांत माता चौपट मरू लागल्या, असा याचा अर्थ घेता येत नाही. क्षेत्र, पद्धत आणि नोंदींचा दर्जा जुळत नसेल तर दोन आकड्यांतील अंतराला प्रगती किंवा अधोगती म्हणता येत नाही.

उपग्रहचित्रांतील घरांवरून लोकसंख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत आता वापरात आहे. छप्पर मोजता येते, पण त्याखाली किती माणसे राहतात हे काही ठिकाणी तरी दारात जाऊन विचारावेच लागते. दूरध्वनीवरील मुलाखतींत फोन नसलेली घरे सुटतात आणि फोन बहुधा पुरुषाच्या हातात असतो. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबान राजवटीने स्वयंसेवी संस्थांतील आणि एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातील अफगाण स्त्रियांच्या कामावर बंदी आणली. त्यामुळे घरातल्या स्त्रीपर्यंत जाणारी वाट आणखी अरुंद झाली.

तरीही सर्वेक्षणे थांबवणे हा उपाय नव्हे. आकडाच नसेल तर मदतीचे वाटप सत्तेच्या आणि वशिल्याच्या जोरावर होते. कोणते जिल्हे वगळले, किती वस्त्या बदलल्या, किती मुलाखती स्त्रियांनी घेतल्या आणि कोणते मृत्यू नोंदीतून निसटले असण्याची शक्यता आहे, हे प्रत्येक अहवालात मुख्य आकड्याच्या शेजारीच छापले पाहिजे. धोरण ठरवणाऱ्यांनीही वगळलेल्या भागाची गरज शून्य न धरता सरासरीहून अधिक धरून तरतूद केली, तर मोजणीबाहेर राहिलेल्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय होणार नाही.