खोळंब्याचा हक्क

माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोहोचते तेव्हा बहुतेकदा दिवस मावळलेला असतो. आळंदीहून निघालेल्या दिंड्या पालखीच्या तंबूभोवती गोल धरून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला गेलेला असतो, आणि चोपदार हातातला चोप वर उचलतो. क्षणात हजारो टाळ जागच्या जागी थांबतात. पहिल्यांदा पाहणारा या शांततेनेच भारावून जातो. जुन्या वारकऱ्याचे कान मात्र दुसरीकडे लागलेले असतात: कुठल्या बाजूला टाळ अजून वाजतायत का? वाजत असतील तर त्या दिंडीची काहीतरी तक्रार आहे. चालीच्या क्रमात कुणी घुसलं, पाण्याचा टँकर आला नाही, राहुट्यांची जागा दुसऱ्यांनी बळकावली, असलं काहीही. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणं ऐकतात, ते वर पोहोचवतात आणि तोड निघाली की ते टाळही थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि त्यानंतर आरती होते. याला समाजआरती म्हणतात.

या रिवाजाचं वर्णन भक्तिभावाने पुष्कळांनी केलंय. मला तो राज्यव्यवहाराच्या अंगाने अधिक विलक्षण वाटतो. इथे मतदान नाही, ठराव नाही, बहुमत नाही. सामान्य टाळकऱ्याला निर्णयात वाटा मिळतो असंही म्हणता येणार नाही. निर्णय सोहळ्याचे मालक, चोपदार आणि संस्थानची मंडळी मिळून घेतात. टाळकऱ्याच्या हाती आहे तो खोळंब्याचा हक्क. त्याचं ऐकल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. आणि हा हक्क फुकटचा नाही. दिवसभर चालून आलेले, पुणे-सासवडसारख्या टप्प्यात दिवे घाट चढून आलेले, पोटात भूक घेऊन उभे असलेले हजारो लोक तुमच्या टाळांमुळे ताटकळत असतात. उगीच कुरापत काढणाऱ्या दिंडीकडे ते कोणत्या नजरेनं पाहतील हे सांगायला नको. म्हणून तक्रार करणारा दहादा विचार करतो, आणि ऐकणाऱ्यालाही टाळाटाळ परवडत नाही. दोन्ही बाजूंना घाई असते, आणि त्या घाईतच बरेचसे तंटे मिटतात.

हे कुणा एकाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेलं नाही. संप्रदायाची सुरुवात पाहिली तर तिथे व्यवस्था नाहीच, आहे तो मेळा. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या संतमेळ्याची सगळ्यांना ठाऊक असलेली कथा गोरोबाकाकांची. तेरला जमलेल्या संतांत कच्चा कोण, पक्का कोण हे ठरवायचं होतं. सुचवलं मुक्ताबाईने, म्हणजे त्या सभेतल्या वयाने सर्वांत लहान मुलीने, आणि परीक्षा घेतली कुंभाराने, मडकी पारखायच्या थापटण्याने. नामदेव कच्चे ठरले आणि विसोबा खेचरांकडे गेले. कथा म्हणूनच ती वाचावी. पण परंपरेने ती जपली, सांगितली, कीर्तनांतून रंगवली, यालाही अर्थ आहे. विठ्ठलाशी ज्यांची सर्वांत जास्त सलगी, त्या नामदेवांना चारचौघांनी कच्चं म्हणायचं आणि त्यांनी ते पदरात घ्यायचं, ही गोष्ट संप्रदायाला आपली वाटली. अधिकार देव देतो, पण तो पारखायचा संतांच्या सभेने. याच मेळ्यातले चोखोबा मात्र देवळाबाहेर राहिले आणि त्यांची समाधीही महाद्वारासमोरच आहे. सभेत बरोबरी आणि उंबऱ्याशी अटकाव, ही दुहेरी गाठ तेव्हापासूनची.

तुकोबांच्या भोवतीचे चौदा टाळकरी परंपरेने नावानिशी सांगितले आहेत. त्यांत गंगारामपंत मवाळांसारखे ब्राह्मण आहेत आणि संताजी जगनाडे तेली आहेत. इथे पहिल्यांदा कामं वाटलेली दिसतात: कुणी धृपद धरायचं, कुणी अभंग उतरवून घ्यायचे. तरीही सगळं तुकोबांच्या भोवती फिरत होतं. ते गेल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक भक्तिपंथापुढे येतो आणि बहुतेक पंथ त्याचं उत्तर वंश किंवा गादी असं देतात. इथेही सुरुवात वंशानेच झाली. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास देहूहून तुकोबांच्या पादुका आणि आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत घेऊन पंढरीची वाट धरली. दीडशेच्या आसपास वर्षं ती जोडपालखी चालली.

ती वेगळी केली हैबतबाबांनी. हैबतबाबा साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. गावाकडे परतताना भिल्लांच्या तावडीत सापडून सुटल्याची कथा सांगतात, आणि त्यानंतर ते आळंदीला राहिले ते कायमचे. 1830 च्या सुमारास त्यांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र सुरू केला. दरबारी शिपाईगिरीत मुरलेल्या माणसाने भजनाला कवायत लावली, असं थोडक्यात म्हणता येईल. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांकडे. भजन-कीर्तनाच्या बाजूला वासकरांसारखी फडाची मंडळी. पहाटे कर्ण्याचे इशारे: पहिल्याला उठायचं, दुसऱ्याला आवरायचं, तिसऱ्याला वाट धरायची. दिंड्या रथापुढच्या आणि रथामागच्या. प्रत्येकीला क्रमांक, आणि तो मोडायचा नाही.

माझ्या मते यात सर्वांत हुशारीचं काम भजनी मालिकेचं. कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या वारी कोणते अभंग म्हणायचे हे आखून ठेवलेलं. बाहेरच्याला हा पोथीनिष्ठ काच वाटेल. पण शेकडो दिंड्या बरोबर चालणार, प्रत्येकीत दोन-तीन तरी गळे स्वतःला पंडित समजणारे. तिथे रोज काय गायचं यावर चर्चा करायची म्हटलं तर पालखी पुण्यातच बसेल. मंडळं, पतपेढ्या, सोसायट्या ज्यांनी चालवल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको: सगळ्यांनी मिळून ठरवायचं तर ठरवायच्या गोष्टी कमी असाव्या लागतात. बहुतेक गोष्टी रिवाजाने मिटवून टाकल्या, म्हणून रात्री टाळ वाजवून भांडायला जागा उरली.

आणि कामं वाटली ती माणसांना नव्हे, जागांना. हे वीण्याइतकं दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, त्यांच्यामध्ये वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. वीणेकरी म्हणजे दिंडीचा प्राण. चाल तो सोडणार, अभंग तो सुरू करणार, लोक पाया पडणार ते त्याच्या. पण हा मान गळ्यात वीणा आहे तोवरचा. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात हे जवळून पाहता येतं. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नाही, म्हणून दोन-दोन तासांचे पहारे लावतात. रात्री दोन ते चारचा पहारा एखाद्या विशीतल्या पोराचा असतो. पहारा बदलायला त्याचा चुलता येतो, तो आधी त्या पोराच्या पायावर डोकं ठेवतो, मग वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि लगेच पोरगा वाकून चुलत्याच्या पाया पडतो. दोन मिनिटांत थोरपण इकडून तिकडे गेलं आणि कुणाला त्यात अवघडल्यासारखं झालं नाही. घरी गेल्यावर तोच चुलता त्याच पोराला शेतातल्या पाळीवरून झापणार आहे. नंतर वर्गणीचा हिशोब, पंगतीला कोणत्या दिवशी कोणाची भाकरी, काल्याच्या कीर्तनाला कोणाला बोलवायचं, यावरून देवळाच्या ओट्यावर जी बैठक बसते तिचं वर्णन न केलेलंच बरं. तिथे वीणा नसतो.

इथवर चित्र गोड आहे, पण अर्धंच. क्रम मोडायचा नाही म्हटलं की पूर्वी जे वर होते ते वरच राहतात. फड घराण्यांत वंशपरंपरेने चालत आले. सोहळ्याचं मालकपण हैबतबाबांच्या घराण्याकडे. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच वाटेने, एकाच अभंगावर चालणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी मुक्कामावर वेगवेगळी जेवतात हे त्यांना खुपलं. 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात ती सल त्यांनी नोंदवून ठेवली आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या दिंड्या तर घोड्यांच्याही पुढे चालत. पाहणाऱ्याला तो अग्रमान वाटावा. होता तो क्रमाबाहेर ठेवण्याचा सभ्य मार्ग. ज्याला क्रमांकच नाही त्याने कोणत्या क्रमभंगाची तक्रार करायची? खोळंब्याचा हक्क गोलात उभ्या असलेल्यांचा, आणि गोल कुठपर्यंत हे गोलातल्यांनीच ठरवलेलं.

म्हणूनच विठ्ठल मंदिर दलितांना खुलं झालं ते संप्रदायाच्या आतल्या कोणत्याही रिवाजाने नव्हे. साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. काटेकोर पाहिलं तर गुरुजींनीही केला तो खोळंबाच: मी थांबलोय, आता तुम्हीही पुढे जाऊ शकत नाही. फक्त पणाला आरतीची वेळ नव्हती, जीव होता. मंदिराच्या आतलं बडवे-उत्पातांचं प्रकरण आणखी निराळं. तिथे सेवा ही मिळकत झाली होती. देवापुढच्या उत्पन्नाचा हक्क बडवे आपसांत लिलावाने ठरवत. दिंडीचा क्रमांक कितीही वडिलोपार्जित असला तरी त्यावर चालणं भाग असतं. चालला नाहीत तर तो नुसता आकडा. देवळातल्या हक्काला चालावं लागत नव्हतं. 1973 च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने हे वंशपरंपरागत हक्क संपवले, खटले चालत राहिले आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात शेवटचा निकाल लागला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले, त्यात स्त्रियांना आणि ब्राह्मणेतरांनाही वाट होती.

आता या सगळ्यावर विश्वस्त कायद्याचं छत्र आहे. आळंदी संस्थानचे विश्वस्त जिल्हा न्यायाधीश नेमतात. देहूचं संस्थान मोरे वंशजांचं, ते आपल्यातून सोहळाप्रमुख निवडतात. पालखी निघण्याआधी पुणे, सातारा, सोलापूरच्या प्रशासनाबरोबर बैठका होतात. तळाच्या जागा, टँकर, दिंड्यांच्या वाहनांचे पास, दवाखान्याच्या गाड्या, सगळं तिथे ठरतं. 2020 साली तर करोनामुळे पादुका मोजक्या लोकांनिशी एसटीने पंढरपूरला गेल्या आणि तो निर्णय मंत्रालयातून झाला. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. लाखोंच्या गर्दीचं पाणी आणि आरोग्य टाळांवर सोडून चालत नाही. पण बैठकीतली तक्रार इतिवृत्तात जाते आणि पुढच्या बैठकीपर्यंत तिथे निवांत पडून राहते. तिच्यासाठी कुणाची आरती अडत नाही.

या मापाने एका जुन्या गैरसोयीकडे पाहा. वारीत बाया पुरुषांच्या बरोबरीने चालत आल्या. पहाट व्हायच्या आत किंवा अंधार पडल्यावर आडोसा शोधायचा, दिवसा पाणी कमी प्यायचं, मासिक पाळी आली तर गप्प राहायचं, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. वाटेवर फिरती शौचालयं मोठ्या संख्येने दिसू लागली ती गेल्या दहा-बारा वर्षांत, निर्मल वारीच्या निमित्ताने. सॅनिटरी नॅपकिन आणि स्नानगृहांची गोष्ट उघडपणे निघाली ती 2022 मध्ये राज्य महिला आयोगाच्या आरोग्यवारीत. त्याआधीच्या दोनशे वर्षांत समाजआरतीला या कारणासाठी कधी टाळ वाजत राहिले असतील, असं मला वाटत नाही. पुष्कळ दिंड्यांत टाळ पुरुषांच्या हाती आणि तुळस बायांच्या डोक्यावर, ही वाटणी इतकी जुनी आहे की तिच्याकडे कुणी वाटणी म्हणून पाहिलंही नाही. तुळस वाजत नाही. अलीकडे काही दिंड्यांत बायाही टाळ धरून रांगेत चालतात, फुगडीइतक्याच जोमाने पावली खेळतात. त्यांच्यातल्या कुणी एका रात्री चोप वर गेल्यावरही टाळ थांबवले नाहीत, तर चोपदाराला त्यांच्यापाशी जाऊन काय झालं ते विचारावंच लागेल. रिवाज तसाच आहे, आणि तो बदलायला कुठला कायदा लागत नाही.