बातमींतील दया आणि सत्य

डोंगरावरील मृत्यूची बातमी वर्तमानपत्रांत बहुधा दोनच सुरांत येते. ‘निसर्गाचा कोप’ हा एक आणि ‘साहसवीरांचा अविचार’ हा दुसरा. पहिला सूर मृतांस निर्दोष ठरवितो, दुसरा अपराधी; परंतु काय घडलें हें दोहोंपैकीं एकही सांगत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

स्की नांवाच्या लांब फळ्या पायांस बांधून, देखरेखीखालील उतार सोडून मोकळ्या हिमावर उतरणाऱ्यांचें उदाहरण घ्या. ‘हिमप्रपातानें त्यांस गाठलें’ असें आपण वाचतों. वस्तुतः असा प्राणघातक प्रपात दहांपैकीं सुमारें नऊ वेळां स्वतः मृतानें किंवा त्याच्या सोबत्यानेंच सुरू केलेला असतो. वरचा घट्ट थर खालच्या ठिसूळ थरावर विसावलेला असतो. माणसाचा भार पडतांच ठिसूळ थर मोडतो आणि सारा उतार खालीं सरकतो. हें न सांगणारी बातमी सहानुभूतीची असेल, खरी नव्हे.

तथापि ते मूर्ख होते असाही याचा अर्थ नव्हे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, स्टीव्हन्स पासजवळ टनेल क्रीक येथें तिघे मरण पावले. मंडळी सोळा जणांची, आणि त्यांत कित्येक नाणावलेले जाणकार. धोक्याची सूचनाही प्रसिद्ध झालेली होती. मग ते गेले कां? जॉन ब्रँच यांनीं दहा महिन्यांनंतर ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्यें लिहिलेल्या ‘स्नो फॉल’ या दीर्घ वृत्तांतांतून उत्तर मिळतें: इतक्या जाणत्यांच्या मेळाव्याचा निर्णय चुकणार नाहीं असा भरंवसा वाटला, आणि ज्यांच्या मनांत शंका आली त्यांस ती बोलून दाखविण्याचा संकोच वाटला.

अशी चिकित्सा शोकाकुल आप्तांस जाचक होईल, हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणूनच पहिल्या दिवशीं दोषनिर्णयाची घाई निंद्य होय. त्या दिवशीं ठाऊक असेल तेवढेंच सांगावें. परंतु पुढें सत्य कळल्यावरही गप्प बसणें, ही दया कोणावर? मृतांस तिचा उपयोग नाहीं. उद्यां त्याच उतारावर उभा राहणारा मात्र असेंच समजून चालेल कीं, मृत्यू दुर्दैवी माणसांस किंवा मूर्खांस येतो, आणि आपण दोहोंपैकीं नाहीं.

मृतांचा शेवटचा निर्णय त्या क्षणीं त्यांस जसा दिसला, तसाच तो सांगितला पाहिजे. तो वाचून एखादा जरी सोबत्यांपुढें ‘मला हा उतार बरा दिसत नाहीं’ एवढें म्हणूं शकला, तरी बातमीदाराचें कर्तव्य पार पडलें असें आम्ही समजूं.