आधी प्रश्न, मग तास

१५ फेब्रुवारी २०२१ पासून राज्यातली महाविद्यालयं निम्म्या उपस्थितीनं उघडायची होती. त्याच आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यात कोरोनाचे आकडे चढले, निर्बंध आले आणि दिग्रसच्या पोरापोरींच्या हाती पुन्हा मोबाइल आला. पहिल्या टाळेबंदीत कुणाला तयारीची सवडच मिळाली नव्हती, हे समजण्यासारखं होतं. दुसऱ्या खेपेला मात्र जवळपास वर्ष हाताशी होतं, तरी तासाचं रूप बदललं नाही. सर पाऊण तास बोलतात, पडद्यावर नुसती नावांची चौकट, मधूनच कुणीतरी 'सर, आवाज कटून राह्यला' म्हणतं आणि शेवटी हजेरीपुरता सगळ्यांचा 'येस सर'. त्या दोन वर्षांनी गावोगाव एक निकाल देऊन टाकला : ऑनलाइन शिक्षणात काही दम नाही.

निकाल घाईचा होता. त्या काळात जे चाललं त्याला अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी मार्च २०२० मध्येच वेगळं नाव सुचवलं होतं, आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन. विद्यापीठाचा एक पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम नीट उभा करायचा तर सुरू होण्याआधी सहा ते नऊ महिने लागतात, असं त्यांनी नोंदवलं होतं. आपल्याकडे तो रविवारी ठरला आणि सोमवारी सुरू झाला. वर्गातला तास उचलून फोनमध्ये घातला, एवढंच झालं. त्यावरून ऑनलाइन शिकवण्याची परीक्षा झाली असं मानणं चूक आहे.

कोरोना गेला, प्रश्न गेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'सारख्या ऑनलाइन मंचावरून करता येतात. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकांची बँक आली, कौशल्याचे आणि मूल्यवर्धित विषय आले. तालुक्याच्या महाविद्यालयात प्रत्येक विषयाला माणूस मिळणार कुठून? उद्या दिग्रसच्या एखाद्या प्राध्यापकाला 'हा पेपर तुम्ही ऑनलाइन घ्या' असं सांगितलं गेलं, तर त्यानं सुरुवात कुठून करावी? बहुतेक जण कॅमेरा, माईक आणि पांढऱ्या प्रकाशाच्या गोल दिव्यापासून करतात. माझ्या मते या वस्तू यादीत सगळ्यांत शेवटी याव्यात. पहिली ओळ अशी हवी : या आठवड्यात विद्यार्थी काय करणार आहे? मी काय बोलणार, हे त्यानंतर.

या उलट्या क्रमानं काम करण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं आणि जानेवारी १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीवरच्या कार्यक्रमांमुळे ते गाजलं, पण त्याचा कणा होता टपालानं घरी येणारं छापील साहित्य, आणि ते एकट्या प्राध्यापकाकडून येत नसे. विषयतज्ज्ञ, संपादक, निर्माते असा गट बसून ते तयार करायचा. आपल्याकडे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू राम ताकवले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या विद्यापीठाची पुस्तकं पाहिली की फरक लगेच कळतो. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं लिहिलेली, चार-दोन पानं झाली की वाचणाऱ्याला थांबवणारे प्रश्न, त्यांची उत्तरं मागे. शिक्षक समोर नसणार हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून विद्यार्थी कुठे अडेल याचा विचार तो लिहितानाच करतो. शिवाय तालुक्यातालुक्यात अभ्यासकेंद्र, म्हणजे अडल्यावर विचारायला एक ओळखीचा माणूस. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी दुरून शिकवण्याचं शास्त्र मराठीत चालू झालं होतं. २०२० मध्ये आपल्याला त्याची आठवण झाली नाही.

आता दिग्रसचा विद्यार्थी बघा. तालुक्याचं गाव, दारव्हा, पुसद, आर्णी, मानोरा या बाजूंना रस्ते जातात आणि त्या रस्त्यांवरच्या खेड्यांतून, तांड्यांतून मुलंमुली एसटीनं येतात. कुणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कुणाच्या घरी गोरबोली, कुणाच्या उर्दू, आणि पुस्तक असतं प्रमाण मराठीत नाहीतर इंग्रजीत. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी येते, दिवाळीनंतर कापसाची वेचणी. नेमका हाच काळ सत्र संपत येण्याचा. वर्गातली संख्या रोडावली की आपण 'पोरं बेजबाबदार झाली' म्हणून मोकळे होतो. त्यांतली निम्मी शिवारात असतात हे आपल्याला ठाऊक असूनही वेळापत्रकाला ठाऊक नसतं. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा तर महाविद्यालय उघडं आणि रस्ता बंद अशी स्थिती होती.

चांगला ऑनलाइन अभ्यासक्रम खरा लागतो तो या मुलांना. लग्न होऊन सासरी गेलेली दुसऱ्या वर्षाची मुलगी, जिनिंगमध्ये हंगामी कामाला लागलेला मुलगा, वेचणी संपवून रात्री नऊला मोकळी होणारी पोरगी, यांच्यासाठी सकाळी अकराचा थेट तास काही कामाचा नाही. म्हणून तयारीतलं पहिलं काम चौकशीचं. प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावं : फोन स्वतःचा की घरात एकच? रिचार्ज कोण मारतं? रेंज घरात येते की गच्चीवर? कोणत्या वेळी मोकळं असता? घरी कोणती भाषा? एवढ्या पाच उत्तरांवर अर्धा अभ्यासक्रम ठरतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भारतात इंटरनेटची सोय असलेली घरं १५ टक्क्यांच्या आसपास होती आणि संगणक असलेली जेमतेम ४ टक्के. त्यानंतर फोन घरोघरी पोचला. संगणकाचं तसं झालं नाही. तेव्हा आपण लॅपटॉपवर जे तयार करतो ते पाहिलं जाणार आहे तळहाताएवढ्या, बहुधा तडा गेलेल्या काचेवर. जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या नोट्स त्या काचेवर नुसती चिन्हं होऊन उमटतात, आणि ए-फोर पानाची पीडीएफ वाचायची तर प्रत्येक ओळ बोटानं सरकवावी लागते. टिपण युनिकोडमध्ये, मोठ्या अक्षरात, फोनच्या रुंदीचं हवं. ही बाब क्षुल्लक वाटते, पण इथेच निम्मे वाचक गळतात.

एक आठवडा कसा बांधायचा ते उदाहरणानं पाहू. विषय अर्थशास्त्र, घटक हमीभाव. नेहमीच्या पद्धतीनं 'अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, गुणदोष' अशी चार टिपणं होतील. त्याऐवजी सोमवारी विद्यार्थ्याच्या फोनवर एकच प्रश्न जावा : २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या मालाला बाजारात प्रत्यक्ष किती मिळाले? विक्रीची पावती पाहा. फरक असेल तर कारण विचारा. ज्याच्या घरी शेती नाही त्यानं सोंगणीचा एकरी दर काय निघाला आणि भाव पडल्यावर तो बदलतो का, याची चौकशी करावी. म्हणजे मजुराचं पोरही बाहेर राहत नाही.

मंगळवारी शिक्षकाच्या आवाजातली सहा मिनिटांची ध्वनिफीत जाते. हमीभावाची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो, तो १९६५ पासून काम करतोय. खर्चात काय धरतात, घरच्या माणसांची मजुरी धरतात का, सोयाबीनमधला ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा ही अट कशी लागते आणि २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत का सैल करावी लागली, एवढंच. सोबत फोनच्या मापाचं एक पान. व्हिडिओवरचा एक तास शेकडो एमबी खातो. ही फीत एक-दोन एमबीत बसते आणि वेचणी करताना कानातही चालते. बुधवार-गुरुवार विद्यार्थ्यांनी मिनिटभराचं उत्तर आवाजातच पाठवायचं, आपापल्या बोलीत. 'आमच्या मालात वल जास्त हाये म्हणून व्यापाऱ्यानं भाव पाडला' हे वाक्य मूल्यमापनात पूर्ण गुणांचं धरायचं, कारण ओलाव्याची अट त्याला समजली आहे. शुक्रवारी रात्री अर्ध्या तासाची थेट भेट, आणि तीत नवीन काही शिकवायचं नाही. आलेल्या उत्तरांवरच बोलायचं : तिघांच्या पावत्यांवर तीन भाव का? हमीभाव जाहीर झाला म्हणजे खरेदी झाली का? सरकारी केंद्रावर माल न नेता घरचे लोक व्यापाऱ्याकडे का गेले? व्याख्या या चर्चेतून विद्यार्थीच तयार करतात, आणि ती त्यांना परीक्षेतही आठवते.

या आखणीला नुसत्या अनुभवाचा आधार नाही. २०१४ मध्ये एडेक्स या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओ-दर्शनांचा अभ्यास झाला. त्यात दिसलं की सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक बऱ्यापैकी पाहतात, लांबी वाढली की लक्ष सुटतं. 'स्वयम्'चा साचाही चार भागांचा आहे : व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वतःची चाचणी. आपण चारांतला पहिला उचलतो आणि उरलेले तीन विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडतो. साहित्य उत्तम असूनही माणसं गळतात, हेही जगानं पाहिलं आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सगळ्यांना खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार नोंदणी झाली आणि सुमारे २३ हजारांनी तो पूर्ण केला. त्यात शिकण्याची हौस असलेले जगभरचे लोक होते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, घरातून पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयात आलेलं असताना, 'लिंक पाठवली आहे, बघून घ्या' एवढ्यावर कोण टिकणार? म्हणून दोन आठवडे गप्प असलेल्या मुलाला फोन कोण करणार, हेही तयारीतच लिहून ठेवावं लागतं. नाव घेऊन केलेला एक फोन दहा सूचनांपेक्षा जास्त काम करतो.

दिग्रसच्या पोरांना पदवी देणारं विद्यापीठ १९८३ मध्ये अमरावतीला स्थापन झालं आणि पुढे त्याला संत गाडगे बाबांचं नाव मिळालं. शाळेत न शिकलेल्या या माणसाची कीर्तनं हजारोंच्या गर्दीत चालत. ती चालत प्रश्नांवर. बाबा विचारत, लोक एका आवाजात उत्तर देत, त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न येई, आणि कर्ज काढून सण करू नये किंवा देवापुढे बकरं कापू नये हा निष्कर्ष ऐकणाऱ्याच्याच तोंडून निघे. श्रोता कुठे 'हो' म्हणेल, कुठे चाचरेल, कुठे हसेल याचा त्यांना अचूक अंदाज असे. प्रश्नांची ही साखळी ऐनवेळी सुचत नसते; वर्षानुवर्षं गावोगाव फिरून माणूस वाचल्यावर ती तयार होते. आपण नाव मोठ्या अभिमानानं प्रमाणपत्रावर छापतो, पद्धत मात्र घेतली नाही. पाऊण तास एकट्यानं बोलण्याची आपली रीत त्या नावाशी जुळत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं करायचं कुणी? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर शिक्षकाच्या निष्ठेत शोधू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाचा आठवडा ४० तासांचा, त्यातलं प्रत्यक्ष अध्यापन १६ तास. म्हणजे तयारीला, मार्गदर्शनाला कागदावर तरी जागा आहे. पण आज कित्येक महाविद्यालयांत तास घेणारा माणूस तासिका तत्त्वावर असतो. त्याला पैसे मिळतात ते बोललेल्या तासाचे. प्रश्न घडवायला, ध्वनिफीत करायला, साठ-सत्तर आवाजी उत्तरं ऐकायला लागणारा वेळ बिलात मांडायची सोयच नाही. उलट हिशेबाच्या दृष्टीनं पाहिलं तर सहा मिनिटांत नेमकं सांगणारा तोट्यात जातो आणि पाऊण तास वाचून दाखवणारा फायद्यात राहतो. अशा व्यवस्थेत चांगला ऑनलाइन अभ्यासक्रम निघाला तर तो कुणाच्या तरी फुकटच्या रात्रपाळीतून निघेल, आणि दुसऱ्या वर्षी तो माणूस दुसऱ्या महाविद्यालयात गेलेला असेल.

यावर तोडगा महागडा नाही. एकाच विषयाचे दिग्रस, दारव्हा, पुसद, आर्णीचे प्राध्यापक मिळून एक अभ्यासक्रम बांधू शकतात. पाठ्यक्रम एक, विद्यापीठ एक, पीकही तेच. प्रत्येकानं तीन-तीन आठवड्यांचं साहित्य केलं तर सत्र भरतं, आणि पुढच्या वर्षी त्यात फक्त भाव आणि आकडे बदलावे लागतात. विद्यापीठानं त्या तयारीचे तास मोजावेत, तासिकेवरच्या माणसाला त्याचे पैसे द्यावेत आणि पदोन्नतीत त्याला शोधनिबंधाइतकं वजन द्यावं. स्टुडिओ उभारायला मंजुरी लवकर मिळते, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. चार प्राध्यापकांनी उन्हाळ्यात बसून घडवलेल्या प्रश्नांचं उद्घाटन होत नाही, फोटो निघत नाही. तरी पुढच्या जूनसाठी एकाच गोष्टीला पैसा असेल तर तो त्या चौघांना द्यावा. कॅमेरा विद्यार्थ्यांच्या खिशातही आहे आणि सरांच्याही.